पास्टर गेले आणि चर्च मिटलं: मार्स हिलचं दप्तर एका हिशेबतपासनिसाच्या नजरेतून

प्रश्न पिंपरीहून एका निवृत्त शिक्षिकेने विचारला आहे. थोडक्यात असा: त्यांची मुलगी अमेरिकेत सिएटलजवळ बेलव्ह्यूला असते. तिच्या ऑफिसातली मैत्रीण तिथल्या मार्स हिल चर्चची सभासद होती. २०१४ मध्ये मुख्य पास्टर (धर्मगुरू) मार्क ड्रिस्कॉल राजीनामा देऊन गेले आणि अडीच महिन्यांत अख्खं चर्च सगळ्या शाखांसह बंद झालं. एक माणूस गेल्याने एवढी मोठी संस्था मिटते कशी? लोकांच्या दशमांशाचं (उत्पन्नाचा दहावा भाग म्हणून दिलेल्या दानाचं) आणि इमारतींचं काय झालं, कुणी पळवल्या का? आणि बाईंची स्वतःची काळजी अशी, की त्यांच्या फेलोशिपमध्येही, म्हणजे कुठल्या मोठ्या चर्चशी न जोडलेल्या स्वतंत्र मंडळीतही, सगळं एका पास्टरांवर चालतं आणि नव्या हॉलचं अ‍ॅग्रीमेंट त्यांच्याच नावाने करायचं घाटतंय. तर आपण काय बघावं?

मी चर्च, देवस्थानं, शिक्षणसंस्था अशा सार्वजनिक न्यासांची ऑडिटं करतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात त्यांची प्रकरणं चालवतो. ईश्वरशास्त्र हा माझा प्रांत नाही. मार्स हिलवर आजवर जे बोललं गेलं त्यात पास्टरांचा स्वभाव, त्यांची भाषा, स्त्रियांबद्दलची मतं यांचाच भरणा जास्त आहे. तो असायलाही हवा. पण संस्था का मिटली याचं उत्तर मला त्या संस्थेच्या नियमावलीत सापडतं, आणि त्यातलं निर्णायक पान २००७ सालचं आहे. राजीनाम्याच्या सात वर्षं आधीचं.

आधी पार्श्वभूमी. मार्स हिलची सुरुवात १९९६ मध्ये सिएटलमध्ये झाली. मार्क ड्रिस्कॉल, लीफ मोई आणि माइक गन हे तिघे संस्थापक. ड्रिस्कॉल तेव्हा पंचविशीतले, आणि उपासना त्यांच्या भाड्याच्या घरात भरायची. सिएटल हे अमेरिकेतल्या सर्वांत कमी चर्चला जाणाऱ्या शहरांपैकी एक. तिथे जीन्स घातलेला, विनोद करणारा, प्रसंगी शिव्याही हासडणारा पास्टर तरुण मुलांना, विशेषतः पुरुषांना, खेचून आणू लागला. बॅलर्ड भागातली गोदामवजा जुनी इमारत मुख्य केंद्र झाली. मग शाखा वाढत गेल्या. ऐन भरात वॉशिंग्टन, ओरेगन, कॅलिफोर्निया, अ‍ॅरिझोना आणि न्यू मेक्सिको अशा पाच राज्यांत १५ ठिकाणी, आठवड्याला १२ हजारांच्या वर माणसं.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ‘शाखा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर डायोसिस, म्हणजे बिशपच्या हाताखालचा विभाग येतो. त्यात प्रत्येक मंडळीची (स्थानिक चर्चची) आपली कमिटी, आपले पंच, आपलं बँक खातं, आणि पाळक, म्हणजे पास्टर, बदलून येणारे-जाणारे. मार्स हिलमध्ये तसं नव्हतं. पंधरा ठिकाणं मिळून कायद्याच्या दृष्टीने एकच संस्था होती. सातबारा एकाचा, कसणारे पंधरा. रविवारी प्रवचनाच्या वेळी बहुतेक ठिकाणी पडदा लागायचा आणि त्यावर ड्रिस्कॉल दिसायचे. गाणी, प्रार्थना, भेटीगाठी, रुग्णसेवा हे स्थानिक पास्टर बघत. व्यासपीठ मात्र एकाच माणसाचं. दान मध्यवर्ती कार्यालयात जमा, आणि पगार, भाडी, कर्जाचे हप्ते, व्हिडिओ आणि संगीत विभाग, वेबसाइट हे सगळं तिथूनच.

आता २००७. तोवर चर्चचा कारभार दोन डझनांच्या आसपास एल्डर्सच्या हाती होता. एल्डर म्हणजे मंडळीचे वडील. तिथे पास्टर आणि एल्डर यांत फरक करत नसत, आणि मतदानाला सगळ्यांचं मत सारखं. त्या वर्षी नवी नियमावली मांडली गेली. खरी सत्ता मोजक्या कार्यकारी एल्डर्सकडे जाणार होती आणि उरलेल्यांचं मत जवळपास नावापुरतं राहणार होतं. दोन एल्डर्सनी लेखी हरकत घेतली. दोघांनाही नोकरीवरून काढण्यात आलं. त्यांतल्या एकाशी तर मंडळीने संबंध तोडावेत असंही नंतर कळवण्यात आलं. त्याच सुमारास ड्रिस्कॉल एका प्रशिक्षणात म्हणाले, की मार्स हिलच्या बसमागे मढ्यांचा ढीग पडला आहे आणि आपलं काम होईपर्यंत त्याचा डोंगर होईल. बसमध्ये बसा नाहीतर बसखाली या. हे ध्वनिमुद्रित आहे आणि पुढे सात वर्षं त्यांच्या मागे लागलेलं आहे. लोकांना त्यातली क्रूरता खटकते, आणि खटकायलाच हवी. मला मात्र त्यापेक्षा गंभीर वाटतं ते हे, की हरकत घेणारे दोघे गेल्यावर नियमावली मंजूर झाली आणि उरलेले बहुतेक जण जागेवर राहिले. एल्डर हा पगारी नोकर असेल, घर त्या पगारावर चालत असेल, आणि पगार कापणारा हात व्यासपीठावरच्या माणसाचा असेल, तर त्याच्याकडून विरोधी मताची अपेक्षा धरणं भाबडेपणाचं आहे. आपल्याकडे संस्थाचालकाचे सगळे विश्वस्त त्याच्याच शाळेत नोकरीला असतात ना, तोच हा प्रकार.

नंतर, साधारण २०११-१२ मध्ये, आणखी एक पाऊल पडलं. ‘सल्ला आणि उत्तरदायित्व मंडळ’ अशा अर्थाच्या नावाचं नवं मंडळ आलं आणि त्यात बाहेरचे नामवंत पास्टर, लेखक घेतले गेले. कागदावर हे फार देखणं दिसतं: स्वतंत्र संचालक, आतल्यांपेक्षा बाहेरचे जास्त. ऑडिटर म्हणून सांगतो, स्वतंत्र संचालकाची किंमत तो किती दूर राहतो यावर नसते, त्याला माहिती कोण पुरवतं यावर असते. शिकागोत किंवा फिलाडेल्फियात बसलेल्या माणसाला बॅलर्डच्या कार्यालयातला धुमसता राग कसा कळणार? त्याच्यापुढे जो कागद येतो तो कार्यकारी मंडळींच्या टेबलावरूनच येतो. त्या मंडळातले पॉल ट्रिप आणि जेम्स मॅकडोनाल्ड हे दोघे २०१४ च्या उन्हाळ्यात बाहेर पडले. (मॅकडोनाल्ड यांना पुढे २०१९ मध्ये शिकागोच्या त्यांच्या स्वतःच्या हार्वेस्ट बायबल चॅपलने काढून टाकलं. देखरेखीला नेमलेल्यांवर देखरेख कुणाची, हा प्रश्न जुनाच आहे.)

२०१३ च्या शेवटी ड्रिस्कॉल यांच्यावर दुसऱ्यांचं लेखन न सांगता वापरल्याचा आरोप एका रेडिओ मुलाखतीत झाला. मार्च २०१४ मध्ये त्यापेक्षा मोठं प्रकरण बाहेर आलं, आणि ते माझ्या प्रांतातलं असल्यामुळे जरा थांबतो. पती-पत्नींवरचं त्यांचं पुस्तक २०१२ च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सच्या विक्रीयादीत पहिलं आलं होतं. ते यादीत चढावं म्हणून चर्चने रिझल्टसोर्स नावाच्या कंपनीशी करार केला होता. कंपनी हजारो प्रती अशा पसरवून विकत घेते, की विक्री सुट्या ग्राहकांची वाटावी. या सगळ्याला चर्चचे किमान २ लाख १० हजार डॉलर लागल्याचं वृत्त आलं. चर्चने ही पद्धत शहाणपणाची नव्हती असं मान्य केलं, त्या खरेदीतून पास्टरांनी नफा घेतला नाही असंही सांगितलं, आणि ड्रिस्कॉल यांनी माफी मागून आपल्या परिचयातून ‘क्रमांक एक’ची बिरुदावली काढायला सांगितली.

नफा घेतला नाही हे खरं धरलं तरी प्रश्न उरतोच. एखाद्या विधवेने पाकिटात घालून दिलेला दशमांश पास्टरांच्या नावाचा डंका वाजवायला वापरायचा का, हा निर्णय कुणी घेतला? कुठल्या सभेत, कुठल्या ठरावाने? माझ्या टेबलावर असं व्हाउचर आलं तर मी पहिल्यांदा ठराव मागतो. ठराव नसेल तर तो ऑडिट रिपोर्टात जातो. अमेरिकेत चर्चना इतर धर्मादाय संस्थांप्रमाणे वार्षिक आर्थिक विवरण, म्हणजे तिकडचा फॉर्म ९९०, भरावा लागत नाही. त्यामुळे असं व्हाउचर बाहेरच्या माणसाला दिसण्याची सरकारी वाटच नाही. मार्स हिलचं जे जे बाहेर आलं ते फुटलेल्या मेमोंमधून आणि नाराज माणसांच्या तोंडून.

दुसरं प्रकरण आपल्या देशाशी जोडलेलं आहे. ‘मार्स हिल ग्लोबल’ या नावाने चर्च जगभरच्या श्रोत्यांकडून आणि सभासदांकडून पैसे मागे. आवाहनांत इथिओपिया आणि भारत यांचा उल्लेख असे, तिथल्या सुवार्तिकांची आणि नव्या मंडळ्यांची चित्रं असत. देणाऱ्याला वाटे पैसा तिकडे जातो. प्रत्यक्षात त्यातला फार मोठा भाग अमेरिकेतल्या सर्वसाधारण निधीत मिसळून खर्च होत होता. २०१४ मध्ये ओरडा झाल्यावर चर्चने सांगितलं, की हा निधी केवळ परदेशी कामासाठी राखीव असेल असा हेतू कधी नव्हता. नेमून दिलेला निधी आणि सर्वसाधारण निधी यांची सरमिसळ हा धर्मादाय हिशेबातला सगळ्यात जुना रोग आहे, आणि तो पंढरपुरापासून पोर्टलंडपर्यंत सारखाच दिसतो. फरक एवढाच, की पावतीवर ‘अन्नदान’ लिहिलेलं असेल तर आपल्याकडे निदान बोट ठेवायला कागद असतो. त्यांच्याकडे होतं ते आवाहनाच्या व्हिडिओतलं चित्र, आणि चित्रावर दावा लावणं अवघड.

मग २०१४ चा ऑगस्ट उजाडला आणि गोष्टी फार भराभर घडल्या. २००० साली टोपणनावाने ड्रिस्कॉल यांनी लिहिलेला अर्वाच्य मजकूर वर आला. काही टीकाकार निनावी असल्याने समेट कठीण जातो असं ते एका व्हिडिओत म्हणाले होते. तेव्हा ‘आम्ही निनावी नाही’ असे फलक घेऊन माजी सभासद बेलव्ह्यूच्या चर्चबाहेर उभे राहिले. ८ ऑगस्टला अ‍ॅक्ट्स २९ ने, म्हणजे ड्रिस्कॉल स्वतः ज्याचे सहसंस्थापक होते त्या नव्या चर्चांच्या जाळ्याने, त्यांना आणि मार्स हिलला सदस्यत्वावरून काढलं. एकवीस माजी पास्टरांनी रीतसर आरोपपत्र दिलं. २४ ऑगस्टला ड्रिस्कॉल किमान सहा आठवड्यांच्या रजेवर गेले.

एल्डर्सच्या एका गटाने चौकशी केली: हजाराहून जास्त तास काम, पन्नासहून जास्त माणसांच्या मुलाखती, दोनशे पानांचा अहवाल. निष्कर्ष असा, की अनैतिक वर्तन, बेकायदा कृत्य किंवा पाखंड यांतलं काही नाही. उद्धटपणा, शीघ्रकोप आणि दडपशाहीची वागणूक मात्र आहे. त्यांना पदावरून दूर करण्याइतका दोष मंडळाला आढळला नाही. सुधारणेची काही वाट आखली जात होती. आणि १४ ऑक्टोबरला ड्रिस्कॉल यांनीच राजीनामा दिला. आम्ही तो मागितला नव्हता, आम्हालाही आश्चर्य वाटलं, असं मंडळाने जाहीर केलं. निरोपाचं प्रवचन झालं नाही.

इथे लोक विचारतात, मग दुसरा पास्टर का नेमला नाही? स्थानिक पास्टर होतेच की. होते, आणि काही उत्तम होते. पण आकडे बघा. वर्षाच्या सुरुवातीला १२-१३ हजारांची उपस्थिती शरद ऋतूपर्यंत सुमारे ७,६०० वर आली होती. माणसं गेली की दान जातं. उलट खर्च तसाच राहतो: हप्ते, भाडी, पगार. सप्टेंबरमध्येच चर्चने ३० ते ४० टक्के कर्मचारी कमी करण्याची आणि काही शाखा मिटवण्याची किंवा एकत्र करण्याची घोषणा केली होती, म्हणजे राजीनाम्याच्या आधीच. त्यात ज्या मध्यवर्ती यंत्रणेवर सगळ्यात जास्त पैसा जायचा, तिचं मुख्य काम एका माणसाचं प्रवचन पंधरा ठिकाणी पोचवणं हे होतं. तो माणूस गेल्यावर कॅमेरे, संपादक, ग्राफिकवाले, प्रकाशन यांना कामच उरत नाही, आणि ते ठेवले तर शाखा त्यांचा भार सोसू शकत नाहीत. दुसरा कुणी पडद्यावर आणावा, तर लोक म्हणणार आमच्या समोर आमचा पास्टर उभा आहे, मग पडदा कशाला? पडदा काढला की मध्यवर्ती चर्चची गरजच संपते. हिशेबाच्या बाजूने पाहिलं तर दुसरा मार्ग मला दिसत नाही. कारभार बघणाऱ्यांनी पूर्वी काहीही केलेलं असो, शेवटचा निर्णय त्यांनी बरोबर घेतला असं माझं मत आहे. भरमसाट कर्जावर दोन वर्षं रखडत राहून शेवटी बँकेने इमारती लिलावात काढल्या असत्या, तर शाखांच्या हाती काहीच लागलं नसतं.

तो निर्णय ३१ ऑक्टोबरला कार्यकारी एल्डर्सपैकी एक असलेल्या डेव्ह ब्रस्कस यांनी जाहीर केला. मार्स हिल १ जानेवारी २०१५ पर्यंत विसर्जित होणार. शाखांपुढे तीन वाटा ठेवल्या: स्वतंत्र चर्च व्हा, दुसऱ्या चर्चमध्ये मिसळून नवं चर्च उभं करा, किंवा थांबा आणि सभासदांना इतर मंडळ्यांत पोचवा. मालमत्तेचा क्रमही स्पष्ट होता. इमारती एकतर विकायच्या, नाहीतर त्यांवरचं कर्ज त्या त्या नव्या चर्चने, सावकाराची संमती असेल तर, आपल्या अंगावर घ्यायचं. मध्यवर्ती कर्मचाऱ्यांचा पगार चुकता करून त्यांना मोकळं करायचं. सगळी देणी भागवून काही उरलं तर ते नव्या चर्चना बीजभांडवल म्हणून द्यायचं. आणि मग संस्था बंद.

तुमच्या प्रश्नातल्या ‘कुणी पळवल्या का’ याचं उत्तर या क्रमात आहे. करमुक्त धर्मादाय संस्था मिटते तेव्हा तिची उरलेली मालमत्ता सभासदांत, संचालकांत किंवा पास्टरात वाटता येत नाही. ती दुसऱ्या करमुक्त संस्थेकडेच जावी लागते. आपल्याकडे १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याचं कलम १४ हेच सांगतं. सभासदांनी वर्षानुवर्षं दिलेला दशमांश परत मिळाला का? नाही, आणि मिळणारही नव्हता. दान दिलं की ते संस्थेचं होतं. २०१६ च्या फेब्रुवारीत दोन दांपत्यांनी संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली ड्रिस्कॉल आणि माजी कार्यकारी पास्टर सटन टर्नर यांच्यावर दिवाणी दावा लावला. पुस्तकाचे आणि ग्लोबल निधीचे मुद्दे त्यात होते. तो दावा गुणदोषावर चाललाच नाही, त्याच वर्षी निकालात निघाला. त्यामुळे कोर्टाने कुणाला दोषी ठरवलं असं म्हणता येत नाही, आणि निर्दोष ठरवलं असंही नाही.

मतदान? सभासदांचं झालं नाही. वॉशिंग्टन राज्याच्या तेव्हाच्या कायद्यानुसार, ज्या ना-नफा संस्थेत सभासदांना मताचा अधिकारच नाही, तिचं विसर्जन संचालकांच्या बहुमताने होऊ शकतं. मार्स हिलमध्ये ‘सभासद’ होण्यासाठी वर्ग करावे लागत, करारनाम्यासारखी शपथ घ्यावी लागे, दान द्यावं लागे. संस्था राहील की जाईल यावर त्या सभासदाचा हात वर होण्याची सोय मात्र नव्हती. महाराष्ट्रात संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी मोडायची तर त्याच कायद्याच्या कलम १३ खाली तीन-पंचमांश सभासदांचा ठराव लागतो, आणि ती न्यास म्हणूनही नोंदलेली असेल तर धर्मादाय आयुक्तांचा उंबरा चढावाच लागतो. तिथल्या तारखांना सगळे वैतागतात, मीही वैतागतो. पण साठ-बासष्ट दिवसांत संस्था गुंडाळणं इथे अशक्य आहे, आणि त्या दिरंगाईत सामान्य सभासदाला निदान हरकत घ्यायला जागा मिळते.

१ जानेवारी ही तारीख का? जाहीर कारण मला ठाऊक असण्याचं कारण नाही, पण माझ्या धंद्यातला कुणीही हीच तारीख सुचवेल. अमेरिकेत चर्चला दिलेल्या दानावर आयकरात वजावट मिळते आणि देणाऱ्याचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. वर्षाच्या मध्ये संस्था बदलली तर प्रत्येकाला दोन संस्थांची दोन विवरणं द्यावी लागतात आणि गोंधळ उडतो. शिवाय डिसेंबर हा चर्चच्या दानाचा सगळ्यात भरघोस महिना. तो जुन्या संस्थेच्या पदरात पडला तर देणी भागायला मदत होते.

त्या नोव्हेंबरात एखाद्या शाखेच्या पास्टरच्या टेबलावर काय काय पडलं असेल याची मला चांगली कल्पना आहे. नवी संस्था राज्याकडे नोंदवायची. नाव शोधायचं, कारण जुनं वापरता येणार नाही. पहिले संचालक कोण ते ठरवायचं. नियमावली लिहायची, आणि ती लिहिताना २००७ आठवायचं. केंद्रीय करखात्याकडून नवा क्रमांक घ्यायचा, मग बँक खातं, मग पगाराची व्यवस्था, मग विमा, कारण विम्याशिवाय हॉल भाड्याने मिळत नाही. घरमालकाला विचारायचं, की भाडेकरार नव्या नावावर करणार का. बँकेला विचारायचं, की साठ टक्के माणसं उरलेल्या मंडळीला तेवढंच कर्ज देणार का. एक दिलासा म्हणजे अमेरिकेत चर्चला करमुक्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही, ती मुळातच मिळते. आणि मग सगळ्यात किचकट काम: सभासदांनी दरमहा खात्यातून आपोआप जाणारं जे दान लावून ठेवलेलं असतं ते जुन्या संस्थेच्या नावाने असतं. प्रत्येकाला गाठून ते बंद करून नव्या नावाने सुरू करायला सांगायचं. यात नेहमी काही टक्के माणसं गळतात. रागाने नव्हे, आळसाने. पाच-सहा आठवड्यांत, नाताळच्या धामधुमीत, हे सगळं. तेही ज्या माणसाने इतकी वर्षं प्रवचन फारसं केलेलंच नाही, त्याने आता दर रविवारी उभं राहण्याची तयारी करत.

२८ डिसेंबर २०१४ च्या शेवटच्या रविवारी कॅलिफोर्नियाचे प्रसिद्ध पास्टर रिक वॉरेन यांचा संदेश दाखवला गेला. तोही व्हिडिओवर.

राहिलेल्या १३ ठिकाणांपैकी बहुतेकांनी पहिली वाट धरली. बेलव्ह्यूची शाखा डॉक्सा चर्च झाली आणि जवळच्या टॅकोमातले जेफ व्हँडरस्टेल्ट तिचे पास्टर म्हणून आले. तुमच्या मुलीची मैत्रीण तिथली असेल तर तिने ही घडामोड जवळून पाहिली असेल. न्यू मेक्सिकोतल्या अल्बकर्कीची गोष्ट मला सगळ्यात बोलकी वाटते. ती मंडळी मुळात स्वतंत्र होती, ब्रस्कस तिचे पास्टर. २००९ मध्ये ती मार्स हिलची शाखा झाली. २०१५ मध्ये नॉर्थ चर्च या नावाने पुन्हा स्वतंत्र. सहा वर्षांची ही फेरी त्या मंडळीला कितीला पडली, हे फक्त त्यांच्या खजिनदारालाच सांगता येईल. बॅलर्डची मंडळी क्रॉस अँड क्राउन झाली, पण इमारत तिच्या वाट्याला आली नाही. ती २०१५ मध्ये युजीन चो यांच्या क्वेस्ट चर्चने विकत घेतली. ड्रिस्कॉल स्त्रियांना एल्डरपद देत नसत. क्वेस्टमध्ये स्त्रिया पास्टर होत्या आणि पुढे मुख्य पास्टरपदीही एक स्त्रीच आली. इमारतीला याचं सोयरसुतक नसतं, पण सिएटलमध्ये यावर बरंच बोललं गेलं.

ड्रिस्कॉल यांनी २०१६ मध्ये अ‍ॅरिझोनात स्कॉट्सडेलला ट्रिनिटी चर्च सुरू केलं आणि ते आजही प्रवचन करतात. अनेकांना याचा संताप येतो. कायद्याने त्यांना कुणी अडवू शकत नाही: त्यांच्या डोक्यावर बिशप नाही, सिनड (चर्चची वरिष्ठ सभा) नाही, आणि जे मंडळ होतं ते त्यांच्या राजीनाम्यानंतर मिटलं. आपल्या सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) किंवा मेथडिस्ट मंडळ्यांत भांडणं काय कमी आहेत? मालमत्तेवरून तर कोर्टात पिढ्या जातात. पण पाळक बदलून गेला म्हणून मंडळी मिटली असं नगर-सोलापूरकडे घडत नाही, कारण इमारत पाळकाची नसते आणि मंडळी पाळकाच्या आवाजावर जमलेली नसते. स्वतंत्र फेलोशिपांचं गणित वेगळं आहे, आणि तुमची काळजी तिथली आहे.

तर आता तुमच्या पिंपरीच्या हॉलकडे येतो. तुमचे पास्टर ड्रिस्कॉलसारखे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. बहुधा भले गृहस्थ असतील. भला माणूसही आजारी पडतो, त्यालाही मुलं-जावई असतात. अ‍ॅग्रीमेंट व्यक्तीच्या नावावर झालं तर उद्या तो हॉल वारसाहक्काने कुटुंबाचा होतो आणि मंडळीला तिथे बसण्याचाही हक्क सिद्ध करावा लागतो. ‘सध्या माझ्या नावावर घेऊ, नंतर ट्रस्टला देऊ’ हे मी फार ठिकाणी ऐकलं आहे. ते ‘नंतर’ स्टँप ड्यूटीचा आकडा पाहिला की लांबत जातं. फेलोशिपचा न्यास नोंदलेला नसेल तर आधी तो नोंदवा आणि मग हॉल घ्या; चार-सहा महिने भाड्याच्या जागेत काढले तर काही बिघडत नाही. न्यास नोंदलेला असेल तर धर्मादाय कार्यालयातून त्याचा शेड्यूल-१ चा, म्हणजे तिथल्या नोंदवहीतला, उतारा काढा. विश्वस्त म्हणून कुणाची नावं आहेत ते तिथे दिसेल. पास्टर, त्यांची पत्नी, मेहुणा आणि ड्रायव्हर अशी यादी मी स्वतः पाहिली आहे. विश्वस्त बदलले असतील आणि चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज, दाखल झाला नसेल, तर कार्यालयाच्या लेखी जुनेच विश्वस्त आहेत आणि नव्यांच्या सह्यांवर कुणीही उद्या बोट ठेवू शकतं. नियमावलीत दोन कलमं शोधा: विश्वस्ताला काढतं कोण, आणि नियमावली बदलतं कोण. दोन्हीकडे एकच माणूस किंवा त्याच्या पगारावरची माणसं असतील, तर हॉलचा टोकन देण्याआधी ते बदलून घ्या. पास्टर दुखावतील म्हणून हे विचारायला संकोच वाटत असेल तर खजिनदाराकरवी विचारा. ऑडिटरने मागितलंय असं सांगितलं की कुणी वाईट वाटून घेत नाही.